दोन्ही वेग बंद

१

बुडून मेलेला माणूस पाण्यात सापडतो, फार तर काठाला लागलेला सापडतो. कोरड्या फरशीवर उताणा, दोन्ही हात छातीवर आणि डोक्याखाली टॉवेलची नीट घडी, असा तो सापडत नाही. मास्तर तसे सापडले.

सापडले ते तलावाच्या राखणदाराला, सकाळी साडेसहाला. राखणदार कानाने अधू, त्यामुळे स्वतःच मोठ्याने बोलणारा. मास्तर व्यायाम करून जरा पडलेत असं वाटून त्याने लांबूनच हाक दिली, "मास्तर, उठा, फरशी गार आहे." मास्तर उठले नाहीत. त्याने जवळ जाऊन खांद्याला हात लावला आणि तो मटकन खालीच बसला. पुढची दहा मिनिटं तो त्यांच्याशेजारी तसाच बसून होता. कुणाला बोलवायला हवं हेही त्याला सुचलं नाही.

डॉक्टरांना मात्र शंका नव्हती. माणूस पाण्यानेच गेला होता, साडेपाचच्या सुमाराला. म्हणजे ज्या अडुसष्ट वर्षांच्या माणसाने चाळीस वर्षं अख्ख्या गावाला पोहायला शिकवलं, तो आपल्याच तलावात बुडाला, बुडून झाल्यावर बाहेर आला आणि उशी घेऊन निजला. फौजदारबाईंनी नोकरीत बरंच काही पाहिलं होतं, पण ही फरशी बघून त्यांनी आधी डोक्यावरची टोपी काढली.

कारण त्याही मास्तरांच्या हाताखालच्याच. मास्तर खरं नाव कुणाचंच घेत नसत. कुणी बेडूक, कुणी बादली, कुणी होडी. सहा वर्षांच्या फौजदारबाई पाण्यात सोडल्या की थेट तळ गाठत, म्हणून त्यांचं नाव 'दगड'. एकदा दगड तळाला गेला तो वर येईचना. मास्तरांनी अंगावरच्या कपड्यांनिशी उडी मारली आणि पोरीला काठावर आणून ठेवलं. पोरीने भोकाड पसरलं, तेव्हा तिचा चेहरा दोन्ही हातांत धरून ते म्हणाले होते, "आधी सांग, मग रड. पाय अडकला की पाणी गेलं? रडणाऱ्या माणसाला मदत कशी करायची?" तोच पुढे त्या तलावाचा कायदा झाला. आधी सांगायचं, मग रडायचं.

फोन आला तेव्हा बाई घरात भांडत होत्या. सतरा वर्षांची लेक नाश्त्याला आली ती केस मुलांसारखे बारीक कापून. कालपर्यंत कमरेखाली जाणारे केस. लेकही मास्तरांचीच शिष्या, त्यांची लाडकी 'मासोळी'. निवड चाचणी आठ दिवसांवर आली, केस पाण्यात अडतात, असं ती बशीकडे बघत म्हणाली. बाईंचा पट्टा नुकताच सुरू झाला होता. चोराच्या मनातलं एक वेळ कळेल, पण या वयाच्या पोरीच्या मनातलं कळायचं नाही, इथपर्यंत त्या आल्या होत्या. मग फोन. त्या "मास्तर?" एवढंच म्हणाल्या आणि उठल्या. लेक न्हाणीघरात गेली आणि तिने नळ सोडला.

डॉक्टरांनी मास्तरांची मान हलकेच वळवली. मानेच्या मागच्या बाजूला, केसांच्या खाली, बारीक दोरीचा लालभडक वळ होता.

"गळा आवळलाय," हवालदार म्हणाला.

२

हवालदार निवृत्तीला आलेला. बोलायच्या आधी लिहिणारा आणि लिहायच्या आधी ठरवून टाकणारा. बाईंनी त्याला पुढे बघायला लावलं. गळ्यावर काहीच नव्हतं. वळ फक्त मागे. आवळणारा माणूस पुढचा गळा सोडून मागची मान कशाला आवळेल? हवालदाराने खोडरबर काढलं.

मग त्यांनी हजेरी घ्यावी तशी मास्तरांची एकेक वस्तू घेतली. मास्तरांच्या अंगावर पोहण्याची चड्डी होती. कमरेला खोचलेली छोटी कात्री नेहमी असायची, ती नव्हती. पोहण्याच्या रांगांचे दोर कुजले की ते पाण्यातच कापायला ती लागे. गळ्यातली लाल शिट्टी नव्हती. ती शिट्टी ते झोपतानाही काढत नाहीत, अशी गावात थट्टा होती. कोपऱ्यात त्यांची विजार घडी करून ठेवली होती, तिच्या खिशात रुमाल आणि औषधाची गोळी सापडली, पण मागच्या फाटकाच्या आणि पंपघराच्या किल्ल्यांचा जुडगा सापडला नाही.

कात्री मात्र दिसली. पाणी स्थिर होतं, सकाळचं ऊन तळापर्यंत पोहोचलं होतं, आणि खोल बाजूला, तळाच्या जाळीपासून हातभर अंतरावर काहीतरी चमकत होतं. हवालदाराने लांब काठीच्या जाळ्याने ते वर काढलं. कात्रीची पाती उघडी होती.

बाईंनी टॉवेल उचलला. उभ्या तीन घड्या, मग एक टोक गुंडाळून केलेली मऊ वळकटी. ही घडी त्यांना ओळखीची वाटली, पण कुठली ते समजेना. मास्तरांना असं बघून काहीही ओळखीचं वाटायचंच, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली.

राखणदाराला ओरडून विचारावं लागत होतं, त्यामुळे त्याची जबानी सगळ्या आवाराने ऐकली. तलावाच्या पंपाला दोन वेग. रात्री तो 'लो'वर चालतो, पाणी हळूहळू गाळत राहतो. सकाळी आठला 'हाय'वर टाकायचा. रात्री दहाला राखणदाराने आपल्या हाताने बटण लोवर केलं होतं. त्याला आवाज येत नाही, म्हणून तो पाइपावर हात ठेवून बघतो. लोवर पाइप मांजरासारखा गुरगुरतो, हायवर ताप भरल्यासारखा थडथडतो. रात्री मांजर होतं, हे तो शपथेवर सांगायला तयार होता.

आणि आत्ता पंपघराचं दार उघडं होतं, पंप गप्प होता, विजेचा मुख्य खटका पडलेला होता. बटण हायवर होतं.

पंपघराच्या किल्ल्या तिघांकडे. एक राखणदार. दुसरे मास्तर, ज्यांची किल्ली नाहीशी झाली होती. तिसरा पंपाचा मिस्त्री.

"अन् त्या मिस्त्रीनेच काल पंप उघडला होता," मागून कुणीतरी शांतपणे म्हणालं.

३

ते तलावाचे व्यवस्थापक होते. इस्त्रीचा शर्ट, घाम पुसायला हातात रुमाल. त्यांच्याकडे अख्खी गोष्ट तयार होती. मिस्त्रीने काल पंप दुरुस्त केला. पहाटे तो चाचणी घ्यायला आला, बटण हायवर टाकलं, मोटरमधून करंट पाण्यात उतरला. मास्तर पाण्यात होते. त्यांना ओढून काढलं, घाबरला, पळाला. उशी दिली ती पश्चात्तापाने. मानेवरचा वळ म्हणजे ओढताना शिट्टीची दोरी ताणली गेली असेल, असंही त्यांनी जोडलं. गोष्ट इतकी बेतून शिवल्यासारखी बसत होती, की बाईंना ती शिवणाराच जास्त बघावासा वाटला.

दहा वाजेपर्यंत फाटकाशी गर्दी झाली आणि त्या गर्दीतून मिस्त्री स्वतःच अवजारांची पिशवी घेऊन आत आला. पस्तिशीचा, काटकुळा. मास्तरांचा 'बेडूक' तो हाच. वाटेत कुणीतरी त्याच्या तोंडावर थुंकलं होतं आणि ते पुसायचंही त्याला भान नव्हतं. काल मोटरला सुरुवातीचा धक्का देणारा कपॅसिटर बदलला, दुपारीच दोन्ही वेगांवर चालवून पाहिला, असं त्याने सांगितलं. पहाटे घरी झोपला होता. साक्षीला बायको, आणि बायकोची साक्ष कोण धरतो?

वरून फोन आला होता. लोक खवळलेत, संध्याकाळपर्यंत मिस्त्रीला आत घ्या. बाईंनी त्याला तसं सांगूनच टाकलं.

तो मास्तर जिथे निजले होते त्या फरशीकडे वळला. मग म्हणाला, "बाई, माझ्या हाताने मास्तर गेले असं निघालं, तर मला कोंडायची गरज नाही. मी पुन्हा पान्ह्याला हातच लावणार नाही. पण मला ते कळू तरी द्या. एकदा पंप बघू द्या."

हवालदाराला हे पसंत नव्हतं. चोराच्याच हातात किल्ली द्यायची, असं त्याचं मत त्याने अर्धं पुटपुटून आणि अर्धं लिहून नोंदवलं.

"तो हात लावेल," बाई म्हणाल्या, "तुम्ही डोळे लावा."

पिशवीतून पकड काढताना मिस्त्रीच्या हाताला एक घडी घातलेला कागद लागला. तो त्याने बाईंकडे दिला. दोन महिन्यांपूर्वीचा होता. तळाच्या जाळीच्या दोन पट्ट्या तुटल्या आहेत, त्या भोकातून हात जाईल, पंपाच्या तोंडची गाळणीची टोपलीही फुटली आहे, दोन्ही ताबडतोब बदला. खाली मिस्त्रीची सही, तिच्याखाली मास्तरांची, आणि 'मिळाले' म्हणून व्यवस्थापकांची.

व्यवस्थापकांच्या हातातला रुमाल थांबला. जाळीची, गाळणीची कसलीच तक्रार आपल्याकडे आली नाही, असं ते सकाळीच म्हणाले होते.

चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याची तयारी कुणाची होती हे बाईंना कळलं. पण व्यवस्थापक पहाटे दुसऱ्या गावी होते, सकाळच्या गाडीतून उतरताना त्यांना दहा जणांनी पाहिलं होतं. मग मास्तरांच्या डोक्याखाली टॉवेल कुणी ठेवला?

४

पंपघर सत्तर पावलांवर होतं. बाईंनी पावलं मोजली. का मोजली ते त्यांनाही सांगता आलं नसतं, सवय म्हणायची.

मिस्त्रीने आधी मीटर लावला. करंट बाहेर झिरपतोय का? मोटरच्या अंगावर, पाइपावर, जमिनीत गेलेल्या तारेवर, सगळीकडे त्याने सुई टेकवून पाहिली आणि प्रत्येक वेळी आकडा हवालदाराला मोठ्याने वाचायला लावला. झिरपत नव्हता. पाण्यात करंट उतरलाच नव्हता. मिस्त्रीने डोळे मिटून श्वास सोडला आणि लगेच पुढे सरकला.

मग त्याने खटका वर केला आणि बटण लोवर टाकलं. मोटर नुसती घुमली, फिरली नाही. झटकन बंद. हायवर टाकलं. जास्त जोरात घुमली, दिवा मंदावला आणि खटका धाडकन पडला.

"झालं," हवालदार म्हणाला. "काल दुरुस्त केला अन् आज मेला. अजून काय पाहिजे?"

मिस्त्री मात्र पहिल्यांदाच जरा ताठ उभा राहिला. कामाचं बोलायला लागल्यावर त्याची जीभ सुटली. "हवालदारसाहेब, दोन वेग म्हणजे एकाच मोटरच्या पोटात दोन गुंडाळ्या. लोची जळली तर हाय चालेल. हायची जळली तर लो चालेल. बटण बिघडलं तरी कुठलातरी एक वेग जाईल. दोन्ही एकदम गेले, आणि मोटर घुमतेय, म्हणजे ती जिवंत आहे. तिला कुणीतरी धरून ठेवलंय."

त्याने तरीही दोन्ही गुंडाळ्या मोजल्या. शाबूत. कालचा कपॅसिटर काढून तपासला. शाबूत. मग मागच्या बाजूने मोटरच्या दांड्याला पकड लावून तो हाताने फिरवायला गेला. दांडा केसभरही हलला नाही.

गाळणीचं झाकण उघडलं. आतली टोपली तारेने बांधलेली होती, हा मिस्त्रीचाच जुगाड. नवी मिळेपर्यंत म्हणून त्याने बांधली होती. आता ती तार तुटून टोपलीला मूठ जाईल एवढं भगदाड पडलं होतं. तळातून ओढलेली वस्तू गाळणीत न अडकता सरळ पंपाच्या चक्रीत गेली होती.

"एवढी ओढ लोला नाही," तो म्हणाला. "पंप हायवर होता तेव्हाच हे झालंय."

बाईंच्या मनात एकच प्रश्न फिरत होता. पहाटे पाचला हाय कुणाला हवा असेल? आणि उत्तर त्यांना स्वतःच्याच लहानपणातून आलं. हायवर पंप असला की खोल बाजूच्या भिंतीतल्या तोटीतून पाण्याचा लोंढा येतो. त्या लोंढ्याच्या विरुद्ध पोहायचं. दंड भरून येतात, पण वेग वाढतो. मास्तर फक्त ज्याच्यावर जीव असेल त्यालाच ते करू देत. दगडाला कधीच करू दिलं नव्हतं.

मिस्त्रीने पंपाचे चार बोल्ट काढले आणि पुढचं तोंड ओढलं. आत बघितल्यावर तो दोन पावलं मागे आला.

"बाई," तो म्हणाला, "हे माणसाचं आहे."

५

चक्रीच्या पात्यांमध्ये मास्तरांची लाल शिट्टी पाचरीसारखी घट्ट बसली होती. तिच्यातून तुटक्या दोरीचं टोक लोंबत होतं. आणि शिट्टीच्या खाली, दांड्याला फास बसावा तसे गुंडाळलेले काळेभोर केस होते. केस कसले, अख्खी वेणीच होती.

मिस्त्री चिमट्याने हळूहळू उलगडत गेला. आधी शिट्टी सुटली. मग वेणी सुटायला लागली, ती संपेचना. हवालदाराने लिहिणं थांबवलं होतं. शेवटी वेणीचं खालचं टोक आलं आणि त्याच्यावर विणलेल्या लोकरीचा पिवळा बंद, त्याला दुहेरी गाठ.

ती गाठ बाईंनी बांधली होती. काल संध्याकाळी, बातम्या बघता बघता.

भिंतीला हात लावून त्या उभ्या राहिल्या. त्यांना काही ऐकू येईना. राखणदाराला जग असंच वाटत असेल, असा एक भलताच विचार मनात येऊन गेला. लेक बशीकडे बघत होती. आपण फोनवर नुसतं 'मास्तर' म्हणालो. काय झालं, कुठे, कसे, एक शब्द तिने विचारला नाही. टॉवेलच्या उभ्या तीन घड्या आणि टोकाला वळकटी. ताप आला की आपण तिच्या मानेखाली तशीच उशी देतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो हा. सकाळपासून आपण गाव पालथं घातलं, आणि उत्तर आपल्याच घरी नाश्त्याला बसलं होतं.

हवालदार वेणीकडे बघत होता. "कुणाची असेल ही? बाई आली होती म्हणजे कुणीतरी." मग त्याने मिस्त्रीकडे पाहिलं आणि त्याच्या डोळ्यात नवी गोष्ट तयार होताना दिसली. "याने आणली असेल."

मिस्त्रीने चिमटा खाली ठेवला. त्याचं तोंड पांढरं पडलं होतं.

त्या पंपघरात वेणी ओळखणारं दुसरं कुणी नव्हतं. केस तर घरी कापून झालेच होते. निवड चाचणीसाठी कापले, हे कारणही तयार होतं. बाईंनी तोंड उघडलं नाही तर संध्याकाळी मिस्त्री आत जाणार होता, उद्या त्याची बायको ठाण्याबाहेर बसणार होती, आणि लेक आठ दिवसांनी चाचणीला जाणार होती. हे सगळं बाईंना एका क्षणात दिसलं. तो क्षण लांबला, हेही खरं. आई होती ती.

मग त्यांनी वेणीचं वरचं टोक हातात घेतलं. कापलेलं टोक, सरळ, एका रेषेत.

६

"लिहा," बाई म्हणाल्या. आवाज त्यांना स्वतःलाच परका वाटला. "ही वेणी माझ्या लेकीची आहे."

हवालदाराने पेन्सिल टेकवली, पण ती चालेना.

बाई थांबल्या नाहीत. थांबल्या असत्या तर पुन्हा बोलता आलं नसतं. मास्तरांच्या किल्ल्या मुलीकडे आहेत, त्यांनी विश्वासाने दिल्या असणार, असं त्यांनी सांगितलं. पहाटे तिने बटण हायवर टाकलं आणि लोंढ्याविरुद्ध पोहत होती. काहीतरी कारणाने तळाशी गेली आणि तुटक्या जाळीच्या भोकात वेणी ओढली गेली. मास्तर नेहमीच्या वेळेला आले, विजार घडी करून पाण्याकडे वळले तेव्हा ती खाली अडकलेली होती.

"पंपघर सत्तर पावलं आहे. जायचं, बंद करायचं, परत यायचं. पाण्याखाली अडकलेल्या पोरीकडे तेवढा वेळ नसतो, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं? त्यांनी सरळ उडी मारली. केस उपटलेले नाहीत, कापलेत. त्यांनी कापले. केस खाली गुंडाळलेत आणि शिट्टी वर आहे, म्हणजे केस आधी आत गेले. ती आधी सुटली." बाईंनी शिट्टीकडे बोट केलं. "ती सुटल्यावर त्यांच्या गळ्यातली शिट्टी त्याच भोकात गेली, आणि कात्री तोवर हातातून निसटली होती. दोरी खालून ओढत होती, म्हणून वळ पुढे नाही, मागच्या मानेवर आहे. दोरी तुटली तेव्हा उशीर झाला होता. शिट्टी पंपात येऊन अडकली, खटका पडला. यात मिस्त्रीचा हात कुठेच नाही. टोपली फुटली होती, जाळी तुटली होती, दोन्ही त्याने लिहून दिलं होतं."

मिस्त्री जमिनीवर उकिडवा बसला आणि शिट्टी मुठीत धरून ढसाढसा रडायला लागला. आपण सुटलो म्हणून नव्हे. ते कुणालाही कळलं असतं.

बाईंनी हवालदाराला वेणी आणि शिट्टी पाकिटात घालायला लावली. फाटकावरच्या गर्दीला मिस्त्री निर्दोष असल्याचं आत्ता, मोठ्याने सांगायला लावलं. व्यवस्थापकांना बसवून ठेवायला सांगितलं. आणि हा तपास यापुढे दुसऱ्या अधिकाऱ्याकडे द्यावा, असं लिहून खाली सही केली.

"बाई, जरा विचार करून..." हवालदार पहिल्यांदाच न लिहिता बोलला.

"विचार केला तर जमणार नाही," त्या म्हणाल्या.

७

लेक स्वयंपाकघराच्या जमिनीवर भिंतीला टेकून बसली होती. सकाळची बशी तशीच होती. मांडीवर किल्ल्यांचा जुडगा होता. आई दारात आली तेव्हा तिने वर पाहिलं, आणि आईच्या चेहऱ्यावरून तिला सगळं कळलं. तिचे ओठ थरथरले, चेहरा वाकडा झाला, रडू फुटायलाच आलं होतं.

बाई तिच्यासमोर बसल्या आणि तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला. कापलेले केस तळव्याला टोचत होते.

"आधी सांग," त्या म्हणाल्या. "मग रड."

लेकीने सांगितलं. केसांवरची टोपी घरी विसरली होती. पोहण्याचा चष्मा निसटून तळाशी गेला, तो उचलून ती वळली आणि डोकं मागे खेचलं गेलं. डोळ्यांपुढे काळं व्हायला लागलं तेव्हा मास्तरांचे हात दिसले, कात्री दिसली. त्यांनी तिला खालून वर ढकललं. वर जाताना तिने मागे पाहिलं, तर ते बोटाने 'वर, वर' अशी खूण करत होते. मागून येतायत असंच तिला वाटलं.

"मी काठाला धरून रडत बसले, आई. आधी रडलेच मी. मागे वळून बघितलं तेव्हा ते खालीच होते." तिने तीनदा बुडी मारली होती. तिसऱ्या वेळी दोरी तुटली. त्यांना पायऱ्यांवरून ओढत काढलं, छाती दाबली, तोंडाने श्वास दिला, हात दुखून बधिर होईपर्यंत. मग डोक्याखाली टॉवेल दिला. आणि मग भीती वाटली. "बटण मी फिरवलं होतं. मी कुणाला मारलं असं तू लिहिशील, असं वाटलं मला."

बाईंच्या जिभेवर आलं, की तू लगेच वळली असतीस तरी काही झालं नसतं. पण ते त्यांना माहीत नव्हतं. डॉक्टरलाही माहीत नसेल. आणि आज खोटं बोलायचं नाही एवढं त्यांनी पंपघरातच ठरवलं होतं.

"मी लिहून आलेय," त्या म्हणाल्या. "तू कशी सुटलीस ते. आता पुढचं तू सांगायचंस, दुसऱ्या साहेबांसमोर, जसं आत्ता सांगितलंस तसंच. त्याच्या आधी मिस्त्रीकाकांच्या घरी जायचंय. लोक त्यांच्या तोंडावर थुंकले आज."

लेकीने मान हलवली. मग विचारलं, "त्यांनी तुलाही वर काढलं होतं ना? लहान असताना?"

"हो."

"तू मला कधी सांगितलं नाहीस."

बाईंनी किल्ल्यांचा जुडगा तिच्या मांडीवरून उचलून बाजूला ठेवला. खरंच सांगितलं नव्हतं. दगडाची लाज वाटत होती म्हणून. मग त्यांनी सांगितलं. तळ कसा हिरवा दिसत होता, मास्तर कपड्यांनिशी कसे आले, त्यांच्या सदऱ्याच्या खिशातलं पेन पाण्यात कसं निळं विरघळत होतं. बत्तीस वर्षांनी, पहिल्यांदा, शेवटपर्यंत.

सांगून झालं. मग दोघी रडल्या.